प्लगवर उभ्या कॅराव्हॅनला बॅटरी कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीमागे जोडायचा, आत राहण्याची सोय असलेला ट्रेलर (कॅराव्हॅन) घेणारा पहिला प्रश्न बॅटरीचा विचारतो आणि दुकानात उत्तर मिळते, ‘मोठी घ्या, नाहीतर लिथियम घ्या.’ ताडोबाच्या कोअरचे (जंगलाच्या आतल्या भागाचे) दरवाजे पावसाळाभर बंद असतात. त्यामुळे असा ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस मोहर्ली-कोलाऱ्याकडे कुणाच्या वावरात, नाहीतर घरच्या अंगणात प्लगला लावूनच उभा असतो. त्याची बॅटरी वापरून संपत नाही, चार्जिंगवर राहून मरते. म्हणून आधी चार्जर बघावा, मग बॅटरी.

शिसे-अ‍ॅसिडची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की तिला २५ अंशाला साधारण १३.६ व्होल्ट पुरतात. त्यापुढे तापमान एक अंश वाढले की हा आकडा सुमारे ०.०२४ ने खाली आणावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या पेटीत ४५ अंश सहज होतात. म्हणजे हिशेब १३.१ वर येतो. स्वस्त चार्जर मात्र दिवाळी असो की अक्षय्य तृतीया, १३.८ च देत राहतो. मग बॅटरीतले पाणी वायू होऊन उडते, प्लेटमधली शिशाची जाळी गंजते, पाणी प्लेटच्या माथ्याखाली गेले की तेवढा उघडा भाग वाया जातो. लोक म्हणतात कंपनीचा माल खराब. तीन टप्प्यांत चार्ज करणारा आणि बॅटरीला चिकटवायची तापमानाची वायर असलेला चार्जर घ्या. १०० अँपिअर-अवरच्या (अँपिअर गुणिले तास, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) पाण्याच्या, म्हणजे वरून पाणी घालायच्या बॅटरीला १० अँपिअरचा बास.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. चोवीस तास प्लगवर ठेवून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. भर उन्हाळ्यात १३.८ किंवा वर दिसले तर चार्जर बदला. १३ च्या खाली असेल तर बॅटरी अर्धवट भरते आणि प्लेटवर सल्फेट धरते.

भार किती? १२ व्होल्टचा एक पंखा आणि दोन एलईडी दिवे मिळून साडेतीन अँपिअर धरा. आठ तास लाइन गेली तर २८ अँपिअर-अवर. शिसे-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, तरी १०० ची आरामात निभावते. एसी बॅटरीवर चालवायचा विचार सोडा. एक टनाचा एसी १२ व्होल्टवर शंभराच्या आसपास अँपिअर ओढतो.

मोटारीची स्टार्टरची बॅटरी मात्र लावू नये. तिच्या पातळ प्लेट क्षणभर मोठा करंट द्यायला असतात, रात्रभर पंखा चालवायला नसतात. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटची) बॅटरी टिकाऊ खरी, पण १५० ची पाण्यासकट पन्नास किलोच्या पुढे जाते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर अ‍ॅसिड सांडते. ट्रेलर जागचा हलणारच नसेल तर तीच घ्या. दर महिन्याला पाणी बघा, फक्त डिस्टिल वॉटर टाका, आरओचे नको. फिरवायचा असेल आणि पाण्याची कटकट नको असेल तर सीलबंद एजीएम, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली शिशाचीच बॅटरी. तिच्यात पाणी परत टाकता येत नाही, म्हणून तिला व्होल्टेज जास्त झाले तर ती लवकर जाते.

लिथियम आयर्न फॉस्फेट (दुकानातली ‘लिथियम’) हलकी, १०० ची बारा-तेरा किलो. पण पूर्ण भरलेल्या अवस्थेत उन्हात महिनोन्महिने ठेवली की ती आतून म्हातारी होते, आणि प्लगवर नेमके तेच घडते. घेतलीच तर तिच्यासाठीचा चार्जर लावा आणि ट्रेलर बंद ठेवताना ५०-६० टक्क्यांवर आणून आयसोलेटर स्विच (बॅटरी बाकी वायरिंगपासून तोडणारा) बंद करा. व्होल्टवरून तिची पातळी नीट कळत नाही, शंट असलेला, म्हणजे आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहणारा मीटर लागतो. ओढणाऱ्या गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रावरून) चार्ज करायची तर मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच, नाहीतर अल्टरनेटर तापतो.

आणखी एक गफलत. प्लगला लावले म्हणजे चार्ज होते असे नाही. गावात व्होल्टेज १६० वर उतरले की कित्येक चार्जर गप्प बसतात. शेतीच्या फिडरवरून वायर ओढली असेल तर दिवसातून मोजकेच तास लाइन असते. त्यात गॅसगळतीचा अलार्म आणि रेडिओची मेमरी मिळून ०.३ अँपिअर खात असतील, तर चार्जिंग नसताना आठवड्यात पन्नास अँपिअर-अवर गायब. लांब मुक्कामाला ठेवताना निगेटिव्ह टर्मिनल काढा. ब्रेकअवे ब्रेक (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप लागणारा) त्याच बॅटरीवर असेल तर ट्रेलर ओढण्याआधी आठवणीने परत जोडा.

पाण्याची बॅटरी पलंगाखाली बंद पेटीत नको. चार्जिंगला हायड्रोजन निघतो, पेटीला बाहेर उघडणारी जाळी हवी. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज.

रिसॉर्ट आणि कृषी पर्यटन केंद्रांच्या मालकांना एक विनंती. ट्रेलरचा सांगाडा लोखंडाचा असतो. पार्किंगच्या प्रत्येक पॉइंटला खरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) द्या. दोन पिनांचा प्लग आणि धुऱ्यावरून लोंबणारी वायर पहिल्याच पावसात कुणाला तरी शॉक देईल.

आपले,
बॅटरी व वायरिंगचे काम करणारे काही कारागीर
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर