आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: दवाखान्याआधी शेवटचा नळ पाहा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या खात्याकडून दरवर्षी परिपत्रक निघते: जलजन्य साथी रोखण्यासाठी योग्य ती दक्षता घ्यावी. त्याच्या झेरॉक्स मीही वाटल्या आहेत. जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक म्हणून लागलो, आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. ही दक्षता गावात नेमकी कशी दिसते, ते मंत्रालयापर्यंत पोहोचत नसावे, म्हणून लिहितो.

दक्षता म्हणजे टीसीएल, पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर. ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. गोणीचे तोंड उघडे राहिले आणि ती ग्रामपंचायतीच्या ओल्या खोलीत पडून राहिली की क्लोरीन उडतो, खाली उरतो चुना. जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्यात पावडर टाकणारा माणूस, इमानेइतबारे तोच टाकत राहतो. खरे तर पावडर बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि मग गावातल्या शेवटच्या नळाचे पाणी नळीत घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे, थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. टाकीजवळच्या नळावर ओटी बहुतेक वेळा छानच येते, आणि साहेबांचा दौरा असला तर पावडर इतकी ओतलेली असते की पिवळ्याऐवजी नारिंगी येते! खरे काय ते कळते टोकाच्या वस्तीत, जिथे पाइप गटारातून गेलेला असतो. तिथवर जायला माणूस लागतो.

आणि माणूसच कमी आहे. जिल्हा परिषदांच्या भरतीची २०१९ ची जाहिरात रद्द झाली, ती पुन्हा निघायला २०२३ उजाडले. मधली वर्षे एका आरोग्य सेवकाकडे दोन-दोन उपकेंद्रे. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, हा निकष कागदावर शाबूत राहिला. जो सेवक आहे तो आणि आशाताई, दोघेही मोबाइलवर आयुष्मान कार्ड काढण्यात गुंतलेले. कार्डाचे उद्दिष्ट रोज विचारले जाते. ओटी रजिस्टर कुणी विचारत नाही.

आपल्या दौऱ्यांच्या बातम्या मी वाचतो. नवे रुग्णालय, डायलिसिसची यंत्रे, रुग्णवाहिकांना हिरवा झेंडा. हे सगळे हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या खात्याच्या नावातला ‘सार्वजनिक’ हा शब्द रुग्णालयापुरता नाही. आजार कुठे उठतोय ते आधी ओळखायचे, त्याची वाट अडवायची आणि अडली की नाही ते जाऊन पाहायचे, हे खात्याचे पहिले काम. त्याची कोनशिला बसत नाही, ही त्यातली अडचण.

नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा लांब कृमी, आठवतो का पाहा. आपल्या राज्यातही होता. पायातून वीतभर धागा काडीवर गुंडाळत बाहेर काढणारी माणसे आमच्या पिढीने पाहिली आहेत. त्याला लस नव्हती, औषध नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळून प्यायला लावले, घरोघर फिरून रुग्ण शोधले. १९९६ नंतर देशात रुग्ण सापडला नाही आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. एवढा मोठा विजय सुपर स्पेशालिटी इमारतीशिवाय मिळाला.

उलट जानेवारी २०२५ मधले पुणे पाहा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बारेचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण निघू लागले आणि पुणे परिसराचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला, आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्येच महापालिकेत आली होती. हद्द वाढली, शुद्ध पाण्याची व्यवस्था मागे राहिली. ज्या पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, तिथे ही गत. मग नमुने, पथके, घरोघर सर्वेक्षण, सगळे झाले आणि नेटाने झाले. पण साथ उठल्यावर.

यात दोष कुणाचा म्हणायचा? पाणी पाणीपुरवठा खात्याचे, पावडरीचा पैसा ग्रामपंचायतीचा, महापालिका नगरविकासाच्या, वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षणाची. प्रयोगशाळेत नमुना दूषित निघाला तरी तो अहवाल नळाच्या मालकापर्यंत पोहोचेस्तोवर त्या पाण्याचा चहा होऊन गेलेला असतो. पाण्याला धोका किती, त्यानुसार लाल, पिवळी, हिरवी कार्डे ग्रामपंचायतींना मिळतात. लाल कार्ड मिळालेल्या गावातल्या किती जणांना ते ठाऊक असते? आजारी पडलेल्या कुटुंबाला जन आरोग्य योजनेतून पाच लाखांपर्यंतचे उपचार द्यायची सरकारची तयारी आहे, आणि त्याच कुटुंबाच्या विहिरीत टाकायच्या पावडरीच्या गोणीसाठी ग्रामसेवकाला निधीची वाट पाहावी लागते. हा हिशेब मला नोकरीत उलगडला नाही, निवृत्तीनंतरही नाही.

मागणे फार नाही. आरोग्य सेवकांच्या रिकाम्या जागा भरा आणि त्यांना कार्डांच्या कामातून मोकळे करा. पाण्याचा प्रत्येक अहवाल, चांगला असो वा वाईट, त्याच आठवड्यात चावडीवर आणि शहरात सोसायटीच्या फलकावर लागला पाहिजे, असा शासन निर्णय काढा. लोक स्वतःच विचारू लागतील, आणि खात्याला लोकांचा धाक वरिष्ठांपेक्षा जास्त असतो, हे अनुभवाने सांगतो. टीसीएलचा पैसा आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात वेगळा धरा. खासगी डॉक्टरांकडून साथरोगांची माहिती वेळेवर येत नाही. तिथे नुसती विनंतीपत्रे पुरणार नाहीत.

आणि पुढच्या दौऱ्यात फीत कापून झाली की ताफा एका टोकाच्या वस्तीवर न्या, आधी न कळवता. शेवटच्या नळाचे पाणी घ्या आणि ओटीची बाटली मागा. ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या गाडीत असायला हवी. नसली, तर का नाही ते तिथेच उभे राहून विचारा.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहायक