आजीला पुण्याला आणण्याआधी

मिरज,
गुरुवार

प्रिय स्नेहल,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन रागानंच ठेवलास. कॅमेरा लावलाय, ऑफिसातून आजी दिवसभर दिसेल, मिस्साची उपासना मोबाईलवर लावून देईन, आणखी काय करायचं राहिलं, असं तू विचारलंस. तुझ्या आईनं खूण केली म्हणून मी गप्प राहिलो. शनिवारी गाडी करून आजीला घेऊन येतो. मंगळवारी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणजे पुढचे दोन महिने आजी तुझ्याकडेच. औषधं, व्यायाम, पातळ खाणं कसं द्यायचं ते आईनं वहीत लिहून ठेवलंय. हे पत्र फक्त कम्युनियनचं, म्हणजे ख्रिस्ताच्या शरीराचा प्रसाद आजीला घरी कसा द्यायचा त्याचं.

या आठवड्यातच चर्चच्या ऑफिसात जा आणि आजाऱ्यांच्या यादीत आजीचं नाव घाल. बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरोघरी ख्रिस्तप्रसाद नेतात, काही ठिकाणी रविवारच्या मिस्सानंतर नेमलेले सेवक नेतात. 1973 पासून आपल्यासारख्या प्रापंचिक माणसांनाही ही सेवा देता येते. त्यामुळे फादरांऐवजी एखाद्या बाई आल्या तर आजी नाराज होईल, तिची समजूत घाल. पापनिवेदन ऐकणं आणि रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावणं, मात्र फादरांनाच करता येतं, तेव्हा निदान एकदा फादर स्वतः यावेत असं स्पष्ट सांग. नाव देताना पत्ता मजल्यासकट दे, उजवी बाजू लुळी आहे हे सांग आणि गिळायला त्रास होतो हे विसरू नकोस. हे शेवटचं लोक सांगत नाहीत आणि ऐन वेळी धांदल उडते.

येण्याची वेळ फोन करून पक्की कर आणि ती तू घरी असतानाची घे. आजीला सांभाळणाऱ्या बाईंच्या भरवशावर ठेवू नकोस. सकाळी साडेनऊला तुझी मीटिंग असते ते माहीत आहे मला. तरी बघ.

आजीच्या डाव्या हाताला एक छोटं टेबल ठेव, कारण उजवीकडचं तिचं लक्ष जात नाही. त्यावर पांढरं धुतलेलं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, अर्धा पेला पाणी, एक चमचा आणि बोटं पुसायला स्वच्छ रुमाल. मेणबत्त्या पंख्याच्या वाऱ्यात विझतात, तेव्हा पंखा बंद कर. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. दार उघडलंस की चहा, ट्रॅफिक, पार्किंग यातलं काही बोलू नकोस. येणाऱ्याच्या गळ्यातल्या पाकिटात झाकणाची छोटी डबी असते आणि तिच्यात साक्षात प्रभू असतो. सरळ आत ने. चहा नंतर.

प्रसादाआधी एक तास काही खायचं नाही हा नियम आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना लागू नाही. त्यांची सेवा करणाऱ्यालाही नाही. म्हणजे तुलाही नाही. आजी ऐकणार नाही, कारण तिच्या लहानपणी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. तो नियम 1953 पासून टप्प्याटप्प्यानं सैल झाला. तिला उपाशी ठेवू नकोस, साखर उतरते. सकाळची पेज आणि गोळी वेळेवर दे.

आता गिळण्याचं. होस्ट, म्हणजे प्रसादाची पातळ चकती, हे नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी, दोन तापल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून भाजलेलं. ना खमीर, ना तेल, ना मीठ. व्यास साधारण तीन सेंटिमीटर. कोरडं असल्यानं सुकलेल्या तोंडात ते टाळूला चिकटतं, आणि आजीच्या गोळ्यांनी तोंड सुकतंच. म्हणून आधी तिला पलंगावर पूर्ण सरळ बसव, पाठीला दोन उशा, हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की घास श्वासनळीकडे जातो. चमचाभर पाण्यानं तोंड ओलं कर. वहीत पाण्यात घट्ट करायची पावडर मिसळायला सांगितलंय, ते इथंही पाळायचं. फादरांना सांग, पूर्ण नको, पाव तुकडाच द्या, तोही जिभेच्या डाव्या बाजूला. तुकडा लहान म्हणून प्रसाद कमी होत नाही. प्रत्येक कणात ख्रिस्त पूर्ण आहे, हे चर्चनं 1551 साली ट्रेंटच्या महासभेत ठामपणे मांडलं. मग पुन्हा चमचाभर पाणी. गिळल्यावर उजव्या गालाच्या आत एकदा बघ, लुळ्या बाजूला घास अडकून राहतो आणि तिला कळत नाही.

ठसका लागून तुकडा बाहेर आला तर घाबरू नकोस आणि कचऱ्यात टाकू नकोस. पेल्यातल्या पाण्यात सोड आणि पेला झाकून ठेव. भाकरीचं रूप पूर्ण विरघळलं की ते पाणी फादर चर्चमध्ये नेऊन जमिनीत मुरवतात. ते जमणार नसेल तर तेच सांगतील तसं, कुंडीतल्या मातीत ओतायचं. सिंकमध्ये नाही. आणि पुढे कधी घन काहीच जाईना झालं, तर नुसतं पवित्र रक्त, म्हणजे द्राक्षारसाच्या रूपातला प्रसाद, चमच्यानं थेंब थेंब देता येतो. त्यासाठी मिस्साच्या वेळीच वेगळं काढून ठेवावं लागतं, म्हणून फादरांना आधी कळवायला हवं. नळीतून अन्न सुरू झालं तरी हा मार्ग उरतो. तशी वेळ न येवो.

तिला बोलताना शब्द सापडत नाहीत, त्यानं तू परवा रडलीस म्हणे. आईनं सांगितलं. पण 'हे आमच्या स्वर्गातील बापा' एवढं तू सुरू कर आणि बघ. पाणी मागायला शब्द नाही, पण प्रार्थना शेवटपर्यंत म्हणते. अर्धांगाच्या झटक्यात नवं वाक्य जुळवणं जातं, लहानपणापासून घोकलेलं पुष्कळदा टिकून राहतं. तुझा आवाज तिच्यासोबत लागला पाहिजे, रेकॉर्डिंगला ती साथ देत नाही. कॅमेरा हे करू शकत नाही.

बघ, पुन्हा कॅमेऱ्यावर आलो. तो काढून टाक असं मी म्हणत नाही. पडली-झडली तर कळेल, त्याचा उपयोग आहे. मोबाईलवरची मिस्साही लाव, वचनं कानावर पडतील, आरतीच्या वेळी तिचा डावा हात आपोआप उचलला जाईल. पण इंटरनेटवर साक्रामेंत, म्हणजे चर्चचे पवित्र संस्कार, नाहीत, हे व्हॅटिकननं 2002 सालीच सांगितलं. पडद्यावर मिस्सा बघणारी माणसं मनातून प्रभूला बोलावतात, त्याला आध्यात्मिक कम्युनियन म्हणतात, ते चांगलं आहे. पण ती भूक आहे, जेवण नव्हे.

तू विचारलंस, एवढ्याशा पापुद्र्यानं आजीला काय मिळतं? प्रश्न वाईट नाही. कफर्णहूमला लोकांनी येशूच्या तोंडावर हेच विचारलं होतं, हा आपलं मांस आम्हाला खायला कसं देणार, आणि बरेच शिष्य सोडूनही गेले. त्यानं शब्द मागे घेतले नाहीत. मला समजलं ते असं. प्रेमाच्या माणसाला आपल्याला नुसतं बघायचं नसतं, जवळ हवं असतं, आणि कितीही जवळ घेतलं तरी मध्ये अंतर उरतंच. अन्नच तेवढं आपल्यात पूर्ण जातं. म्हणून तो अन्न झाला. आणि संत ऑगस्टीन म्हणतो तसं, इतर अन्न आपण खाल्लं की ते आपल्यासारखं होतं, हे अन्न मात्र आपल्याला त्याच्यासारखं करतं.

पुन्हा उठलेला येशू अम्माऊसच्या वाटेवर ज्यांना भेटला ते दोघं शिष्य आठव. संध्याकाळ झाली, राहा आमच्याकडे, म्हणून त्यांनी त्याला धरून ठेवलं. भाकर मोडली तेव्हा ओळखलं, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. ते रडत बसले नाहीत, त्याच रात्री यरुशलेमला परतले. तिथं दिसणं संपलं आणि तरी तो जवळ होता. तुझ्या मोबाईलवर उलटं आहे, आजी दिसते सगळी, पण तिच्याजवळ कुणी नाही.

व्हिएतनामचे बिशप न्गुयेन वान थुआन 1975 पासून 13 वर्षं कैदेत होते, त्यातली 9 एकांतवासात. पोटाचं औषध म्हणून त्यांनी बाहेरून द्राक्षारस मागवला. तळहातावर त्याचे तीन थेंब, पाण्याचा एक थेंब, तोच त्यांचा प्याला, तीच त्यांची वेदी. एकांतकोठडीत दुसरं कुणी नसताना त्यांना तेवढं पुरलं. आजीलाही प्रभू पुरेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती कोठडीत नाही गं, नातीच्या घरी आहे.

इ.स. 155 च्या सुमारास रोमहून संत जस्टिन लिहितो की रविवारी जमलेल्यांनी प्रसाद घेतल्यावर डीकन, म्हणजे चर्चचे नेमलेले सेवक, गैरहजर असलेल्यांकडे वाटा नेत. कुणीतरी पायी जाऊन दार वाजवायचं, तेव्हापासून तसंच चाललंय. आणि करिंथच्या मंडळीला संत पौल याच भोजनावरून रागे भरला. काहीजण आधीच जेवून घेत, गरीब उपाशी बसत, आणि हेच लोक प्रभूच्या मेजाशी येत. हे प्रभूभोजन नव्हेच, असं त्यानं लिहिलं. भाकरीत प्रभू आहे म्हणायचं आणि शेजारी कोण बसलंय ते बघायचं नाही, हे त्याला चाललं नाही.

उपदेश फार झाला. रागावू नकोस. एवढ्या लहान फ्लॅटमध्ये आजीला घे म्हटल्यावर तू क्षणभरही मागे पाहिलं नाहीस, आत्यासमोर मी ते अभिमानानं सांगितलं. ती जे बोलली ते मनावर घेऊ नकोस. पहिल्या कम्युनियनच्या आदल्या दिवशी तू आजीला विचारलं होतंस, पोटात गेल्यावर येशूला अंधार नाही का वाटणार? आजी म्हणाली, तू आहेस की सोबत. तिला आता ते वाक्य म्हणता येत नाही. आठवतं तुला?

प्रसादानंतर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार तिला अर्धा तास सरळच बसवायचं, लगेच आडवं करायचं नाही. भाकरीचं रूप मोडेपर्यंत प्रभू तिच्यात त्या रूपात असतो, तोही वेळ त्यातच येतो. तो अर्धा तास तू तिच्याजवळ बस. काही बोलायला नको. डावा हात हातात घे, उजव्याला स्पर्श कळत नाही. तूही तेव्हा प्रसाद घ्यावास असं मला वाटतं. बरेच दिवसांत पापनिवेदन झालं नसेल तर फादरांना आधी पाच मिनिटं माग, ते विचारणार नाहीत किती वर्षं झाली म्हणून. हे तुझं तू ठरव. नाही घेतलंस तरी अर्धा तास बस.

आणि फादर येणार नसतील त्या दिवशीही, ऑफिसातून आल्यावर, कॅमेऱ्यात बघितलंय म्हणून थेट स्वयंपाकघरात जाऊ नकोस. तिच्याजवळ जा आधी.

शनिवारी दुपारपर्यंत पोहोचू. लिफ्ट चालू आहे ना ते सोसायटीत विचारून ठेव, आणि चर्चमध्ये कोणता दिवस मिळाला ते उद्या संध्याकाळी कळव. तुझ्या वेळेशी जमत नसेल तर मी फादरांना फोन करतो.

तुझे,
पप्पा