अण्णांच्या फियाटचा पत्ता

सदाशिव पेठ, पुणे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबांची, अण्णांची जुनी गाडी सापडली म्हणून तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. गाडी देखणी आहे, पण ती आपली नाही. ती विकणाऱ्या गृहस्थांच्या आरसी बुकावर वर्ष १९७६ आहे आणि गाडी पद्मिनी, म्हणजे फियाटचंच पुढचं मॉडेल. अण्णांची १९६८ची, फियाट अकराशे डी. लोक तिला डिलाइट म्हणायचे. दोन्ही कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातल्या, इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअरही तसाच स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे फोटोवरून फसायला होतं. आणि पाटीवर आपला जुना नंबर रंगवून घ्यायला कितीसा वेळ लागतो? त्यांना एक रुपयाही पाठवू नकोस.

बाबांच्या पंच्याहत्तरीला ती गाडी त्यांच्यासमोर उभी करायची, हे तू फोनवर बोललास त्या दिवसापासून मीही शोधाला लागले होते. तुला सांगितलं नाही, कारण हाती काही लागेल याची खात्री नव्हती. आता लागलं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. फोनवर बोलायची सोय नाही, बाबा शेजारीच असतात.

मी माणसांना विचारायच्या आधी कागद काढले. अण्णांनी दवाखान्याच्या पावत्यांइतक्याच निगुतीने गाडीचे कागद ठेवले होते. माळ्यावरच्या फायलीत विम्याचे जुने कागद मिळाले आणि त्यावर चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर होता. हा नंबर नीट लिहून ठेव. गाडी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात दुसऱ्या आरटीओकडे गेली तर पाटीवरचा नंबर तोच राहतो, दुसऱ्या राज्यात गेली की बदलतो. इंजिनाचंही सांगता येत नाही. त्या काळी पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी फियाटींमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली. चॅसिस नंबर मात्र गाडीबरोबर जन्मभर असतो. मोबाइलवर नंबर टाकून शोधायचा प्रयत्न तू केलास, त्यातून काही निघालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. जुन्या गाडीची नोंद संगणकावर चढलेलीच नसेल तर काही दिसत नाही, आणि चढलेली असली तरी मालकाचं नाव अर्धंमुर्धंच दिसतं.

त्याच फायलीत विक्रीच्या वेळच्या फॉर्म २९ची प्रत होती. मालकी बदलल्याचं आरटीओला कळवायचा तो फॉर्म. त्यावर घेणाऱ्याचं नाव आणि गाव, फलटण.

१९९३ साली गाडी का विकली, ते तुला कुणी धड सांगितलेलं नाही. वाडा बिल्डरकडे गेला आणि आपण दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेलो. तिथे गाडी उभी करायला जागा नव्हती. रस्त्यावर उन्हापावसात ठेवून तिचा पत्रा कुजवायचा, त्यापेक्षा ती चांगल्या हातात द्यावी, असं अण्णांनी ठरवलं. बाबा एका शब्दानेही नको म्हणाले नाहीत. गाडी गेल्यावर अण्णांनी पुन्हा तिचा विषय काढला नाही आणि बाबांनीही नाही.

पण बाबांना ती का हवी आहे, हे तुला ठाऊक असायला हवं. अण्णा घरात फार कमी बोलत. दवाखाना, जेवण, पेपर, झोप. रात्री-अपरात्री पेशंटकडून बोलावणं आलं की आधी ते स्वतः गाडी काढत. पुढे समोरच्या दिव्यांनी डोळे दिपायला लागले, तेव्हा बाबा चालवू लागले. फियाटची पुढची सीट सलग, मध्ये गिअर नाही, दोघं खांद्याला खांदा लावून बसायचे. त्या अंधारात येता-जाता अण्णा बोलत. त्यांचं लहानपण, पानशेतच्या पुरात वाहून गेलेला त्यांचा पहिला दवाखाना, पुन्हा शून्यातून उभं राहताना कोणी मदत केली आणि कोणी पाठ फिरवली. लग्नानंतर बाबा यातलं थोडं थोडं मला सांगत. जेवणाच्या ताटावर अण्णांच्या तोंडून असलं काही मी कधीच ऐकलं नाही. बाबांना वडील भेटले ते त्या सीटवर.

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ती बातमी वाचून झाल्यावरही बाबा कितीतरी वेळ पेपर हातात धरून बसले होते. मी चहा ठेवला, तो गार झाला. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की ही गाडी शोधली पाहिजे.

फलटणला घेणारे गृहस्थ मुख्याध्यापक होते. ते आता नाहीत. त्यांच्या सूनबाई फोनवर इतक्या आपुलकीने बोलल्या की मला आश्चर्यच वाटलं. सासऱ्यांनी शेवटच्या आजारपणात गाडी त्यांच्या नेहमीच्या फिटरला देऊन टाकली, पैसे न घेता. त्या फिटरकाकांचा नंबर त्यांनीच दिला.

मी त्यांना फोन केला. आधी ते सावध होते, जुन्या गाड्यांचे दलाल त्यांना फार त्रास देतात. मी अण्णांचं नाव सांगितलं, मग म्हटलं, मागच्या डाव्या मडगार्डला वाड्याच्या दरवाजाच्या दगडाने पडलेला पोचा अजून आहे का? ते हसले. म्हणाले, "काढला होता वहिनी, पण हात फिरवला की अजून लागतो." मग बॉनेट उघडून पट्टीवरचा नंबर त्यांनी एकेक आकडा करून वाचला आणि मी कागदावर बोट ठेवून ऐकला. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. माझा हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू.

इंजिनही मूळचंच आहे. दोनदा बोअर केलंय, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून घासून घेतलेत, पण बदललेलं नाही. सुट्या भागांसाठी ते आपल्या नाना पेठेत येतात, तिथे नाही मिळालं तर जुन्या बाजारात शोधतात. दसऱ्याला गाडीची पूजा करून गावातून एक चक्कर मारतात.

आता मुद्द्याचं. तू म्हणशील, किती पैसे द्यायचे ते विचार. मी विचारलेलं नाही आणि तूही विचारायचं नाहीस. अण्णांनी गाडी विकली, पैसे घेतले, तिथे आपला हक्क संपला. इतकी वर्षं त्या गाडीला जिवंत ठेवली ती त्या माणसाने, तीही स्वतःच्या कमाईतून. त्याच्या दारात पैशांचं पाकीट घेऊन उभं राहणं मला पटत नाही. मी त्यांना शब्द दिला आहे की आम्ही गाडी मागायला येत नाही, माझ्या नवऱ्याला एकदा त्या सीटवर बसू द्या, एवढंच. ते म्हणाले, बसू काय, चालवू देत, मी बाजूला बसतो.

त्यांच्यासाठी एक काम मात्र तू करायचंस. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी नव्याने करायची, त्याची त्यांना काळजी असते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली व्हिंटेजचे वेगळे नियम केले आहेत. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो आणि नोंदणी दहा वर्षं चालते. अट अशी की चॅसिस, बॉडी, इंजिन मूळचं हवं, आणि रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. म्हणजे दसऱ्याच्या चकरेचं काय, ते आरटीओत नीट विचारून घे आणि मगच त्यांना सांग. त्यांना ते सोयीचं वाटलं तर अर्ज तू भरून दे, फी आपण देऊ. ती त्यांनी घेतली तर मला बरं वाटेल.

वाढदिवसाच्या आदल्या रात्रीच ये. सकाळी लवकर निघू, म्हणजे दिवे घाटात गर्दी लागणार नाही. सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद करत जेवायच्या आत फलटण. बाबांना जेजुरीला देवदर्शनाला जायचं आहे एवढंच सांगायचं, दर्शन घेऊही, म्हणजे खोटं होणार नाही. फिटरकाकांच्या घरच्यांसाठी चितळ्यांची बाकरवडी आणि काकूंसाठी साडी मी घेते. बाबांचा जाड भिंगांचा चष्मा तेवढा आठवणीने तुझ्या बॅगेत ठेव, गाडी चालवताना त्यांना लागेल.

तुझी,
आई