उन्हाची नव्हे, अंधाराची उणीव

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरातील झाडांविषयीच्या आपल्या सदरात गेल्या आठवड्यात ख्रिसमस कॅक्टसबद्दल सल्ला आला होता, की हा निवडुंगच असल्याने त्याला भरपूर ऊन द्यावे आणि पाणी अगदी क्वचित घालावे. हाच सल्ला मी तीन वर्षे निष्ठेने पाळला. त्या तीन वर्षांत माझ्या झाडाने एकही फूल दिले नाही. त्याची चपटी हिरवी खोडे (ज्यांना आपण चुकून पाने म्हणतो) उन्हाने तांबूस पडून सुरकुतली, एवढेच काय ते झाले. त्या अनुभवावरून चार शब्द लिहीत आहे.

हे झाड निवडुंगाच्या कुळातील आहे यात शंका नाही, पण ते वाळवंटातले नव्हे. आग्नेय ब्राझीलमधील समुद्रालगतच्या डोंगरांवर जी दमट जंगले आहेत, तेथे मोठ्या वृक्षांच्या बेचक्यांत आणि खडकांच्या कपारींत साठलेल्या पालापाचोळ्यावर ते वाढते. बांडगुळासारखा ते आधाराच्या झाडाचा रस शोषत नाही, फक्त त्याच्या अंगावर राहते. ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, तेही याच रीतीने जगणारे निवडुंगच आहे. अशा झाडाला दुपारचे कडक ऊन सोसत नाही, फांद्यांतून गाळून आल्यासारखा उजेड मानवतो. पाणीही त्याला नियमित लागते. वरची माती बोटाच्या एका पेराइतकी कोरडी लागली, की कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी घालावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. येथे एक फसगत सांगण्यासारखी आहे. झाड तहानेने सुरकुतते, तसेच मुळे कुजल्यानेही सुरकुतते, कारण कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. सुरकुत्या दिसल्या आणि माती ओली असली, तर पाणी न घालता मुळे तपासावीत.

मात्र ऊन-पाण्याची चूक दुरुस्त केल्यावरही माझ्या झाडाला कळ्या आल्या नाहीत, आणि याचे कारण सदरात कोठेच आलेले नाही. या झाडाला फुलण्यासाठी लांब रात्र लागते. शेवंतीचीही हीच जातकुळी. साधारण सहा आठवडे रोज तेरा-चौदा तास सलग अंधार मिळाला, तरच खोडांच्या टोकांशी कळ्या धरतात. माझी कुंडी बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी होती आणि तेथला दिवा रात्री साडेअकरापर्यंत चालू असे. म्हणजे झाडाला मिळणारा अंधार जेमतेम सात तासांचा. बाहेर रात्री लांबत होत्या, पण त्या माझ्या बैठकीत शिरतच नव्हत्या! मध्यरात्री कोणी थोडा वेळ दिवा लावला, तरी झाडाच्या लेखी त्या रात्रीचे दोन तुकडे होतात. तापमानाचाही यात वाटा आहे. रात्री पारा 10 ते 13 अंश सेल्सिअसपर्यंत उतरत असेल, तर अंधार थोडा कमी पडला तरी कळ्या येतात. उलट रात्री 24 अंशांच्या वर उकाडा राहिला, तर अंधार असूनही बहुधा येत नाहीत.

चौथ्या वर्षी मी कुंडी रात्री न वापरल्या जाणाऱ्या खोलीत हलवली. सहाव्या आठवड्यात शेवटच्या पेरांच्या टोकांवर मोहरीएवढे लालसर दाणे दिसले. ते नवे पेर असावे असे आधी वाटले, पण नवे पेर उगवतानाच चपटे असते आणि कळी गोल, टोकदार. एकदा अशी कळी नीट दिसू लागली, की अंधाराचे पथ्य संपते.

त्यानंतरची चूक मात्र सर्वस्वी माझी. कौतुकाने कुंडी उचलून मधल्या टेबलावर, पिकलेल्या फळांच्या टोपलीशेजारी ठेवली आणि चार दिवसांत निम्म्या कळ्या गळाल्या. पिकणाऱ्या फळांतून बाहेर पडणारा इथिलीन वायू कळ्यांना बाधतो. शिवाय जागा बदलणे, माती पूर्ण सुकणे, दारातून येणारा गार झोत किंवा हीटरची कोरडी हवा, यांपैकी काहीही कळ्या गळायला पुरते.

झाडाच्या नावानेही घोटाळा होतो. ख्रिसमस कॅक्टस म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक कुंड्यांत, पेरांच्या कडांना अणकुचीदार दाते असलेली आणि काही आठवडे आधीच फुलणारी त्याची भावंड जात असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये संकराने तयार झालेल्या खऱ्या ख्रिसमस कॅक्टसच्या कडा गोलसर असतात. ब्राझीलमध्ये तर या झाडाला 'मे महिन्याचे फूल' म्हणतात, कारण तेथे रात्री लांबतात त्या त्याच सुमारास. निगा दोन्ही जातींची सारखीच. बहर ओसरल्यावर पाणी थोडे कमी करावे, आणि दोन-तीन पेरांचा तुकडा जोडापाशी पिळून काढून, एक-दोन दिवस सुकू देऊन हलक्या, निचऱ्याच्या मातीत खोचला, तर नवे रोपही सहज होते.

वरील दुरुस्ती सदरात छापायची झाल्यास कृपया ती येत्या अंकातच छापावी. दिवस लहान होऊ लागले आहेत आणि सहा आठवड्यांच्या अंधाराची सुरुवात आताच केली नाही, तर ज्या वाचकांनी तो सल्ला वाचून कुंड्या उन्हात नेल्या असतील, त्यांचा यंदाचा बहर हुकेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक