‘वि’ लिही, स्पेस दे

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

हा मायना आज मुद्दाम घातलाय. एरवी आपण एकमेकांना ‘काय रे’ यापलीकडे काही लिहीत नाही. पण पुढचं सगळं रामायण त्यातल्या एका ‘वि’चं आहे, म्हणून म्हटलं, असू दे.

परवा आपण व्हिडिओ कॉलवर होतो. शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो असं मी म्हणालो आणि तू म्हणालास, ‘काहीही फेकतोस. थांब, एक मिनिटात बघून सांगतो.’ तुझी स्क्रीन मला दिसत होती. तू नवीन टॅब उघडलास. त्यात सर्च इंजिनचं नाव लिहून ते उघडलंस. तिथल्या चौकटीत ‘विकिपीडिया’ लिहिलंस. यादी आली, त्यातल्या पहिल्या दुव्यावर क्लिक केलंस. मुखपृष्ठ उघडलं, शोधाची चौकट कुठे आहे ते बघण्यात काही वेळ गेला, आणि मग एकदाचं ‘शुक्र ग्र’ एवढं लिहून झालं. तेवढ्यात तुला भलतंच काहीतरी आठवलं, आपण त्यावर बोलायला लागलो आणि तू टॅब बंद करून टाकलास. शुक्र राहिलाच.

तर आधी ते मिटवू. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला आपले सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवतीची फेरी तो सुमारे २२५ दिवसांत उरकतो. मी फेकत नव्हतो.

मला खरं दुःख वेगळंच आहे. तू आळशी नाहीस, तुला उत्सुकता आहे, आणि तरी तुझ्या निम्म्या शंका अशाच विरत असणार. कुठलीही शंका मनात टिकते किती वेळ? वाटेत चार थांबे घेतलेस तर ती तिसऱ्या थांब्यावर उतरून निघून जाते. गंमत बघ, हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिली विकी साइट काढली, तिचं नाव त्याने होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ शटल बसवरून घेतलं होतं. आणि तू त्याच नावाच्या कोशाकडे लाल डब्यासारखा थांबत थांबत जातोस.

मी काय करतो ते सांगतो. ॲड्रेस बारमध्ये जातो, ‘वि’ लिहितो, स्पेस देतो, ‘शुक्र ग्रह’ लिहितो आणि एंटर मारतो. थेट लेख. मध्ये यादी नाही, जाहिराती नाहीत, ‘लोक हेही विचारतात’ नाही.

यात जादू काही नाही. ब्राउझर स्वतःजवळ एक पत्ता ठेवतो, त्या पत्त्यात एक रिकामी जागा असते, आणि तू जे लिहिशील ते तो त्या जागेत भरून तिकडे जातो. रिकामी जागा दाखवायची खूण म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजीतला छोटा एस. सगळी मेख तेवढ्यात आहे. बाकीची मेहनत, म्हणजे तो पत्ता मिळवणं, एकदाच करायची असते. मी ती तीनदा केली, कारण पहिल्या दोन वेळा चुकलो. तुझं तसं होऊ नये म्हणून नीट सांगतो.

पहिल्यांदा मी मराठी विकिपीडियावर जाऊन ‘पाणी’ शोधलं, वर आलेला पत्ता उचलला, त्यातलं ‘पाणी’ काढून तिथे ती खूण बसवली आणि खूश झालो. चाललंही. पण दोन दिवसांनी ध्यानात आलं की लेखाचं नाव अगदी तंतोतंत लिहिलं तरच तो उघडतो. एक वेलांटी इकडची तिकडे झाली की ‘या नावाचा लेख नाही’ म्हणून कोरं पान. झालं असं होतं की ‘पाणी’ या नावाचा लेख अस्तित्वात असल्यामुळे विकिपीडियाने मला शोधाच्या पानावर नेलंच नव्हतं, सरळ लेखावर नेलं होतं. मी उचलला तो त्या लेखाचा पत्ता. मला हवा होता शोधाचा.

म्हणून शोधायचं ते काहीतरी अर्थहीन, ज्याच्या नावाचा लेख असणं शक्यच नाही. आता इथे माझी दुसरी चूक. मी मोठ्या हौसेने ‘झगझगडम’ असं देवनागरीत लिहिलं. ॲड्रेस बारमध्ये ते देवनागरीतच दिसत होतं, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं तर टक्क्यांची आणि आकड्यांची ही लांबलचक माळ! ब्राउझर पत्ता पाठवताना देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइटमध्ये मोडतो आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून लिहितो. म्हणजे एकेका खुणेमागे नऊ चिन्हं. साध्या ‘पाणी’ची ३६ होतात. त्या गर्दीत माझा शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते शोधताना डोळे फिरले. तेव्हा तू इंग्रजी कीबोर्डवर झेड हे अक्षर आठ-दहा वेळा बडव आणि एंटर मार. मग पत्त्यात ती झेडची रांग लांबूनही ओळखू येते. ती पुसायची आणि तिथे आपली खूण ठेवायची.

पत्त्याची शेपटी मात्र एकदा नजरेखालून घाल. तिथे ‘फुलटेक्स्ट’ असं इंग्रजीत लिहून त्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि १ दिसला, तर तेवढा तुकडा त्याला जोडणाऱ्या ‘अँड’च्या चिन्हासकट उडव. तो राहिला तर विकिपीडिया दरवेळी निकालांची यादीच दाखवतो. तो नसला की नाव जुळल्यावर थेट लेख उघडतो आणि जुळलं नाही तर यादी देतो. आपल्याला दुसरी वागणूक हवी.

आता हा पत्ता ठेवायचा कुठे? तू क्रोम वापरतोस. सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ या भागात जा, तिथे सर्च इंजिनं आणि साइट सर्च सांभाळायचा दुवा आहे. त्याच्या आत ‘साइट सर्च’खाली ‘ॲड’ दाब. तीन रकाने येतात: नाव, शॉर्टकट, पत्ता. नाव काहीही दे, शॉर्टकटमध्ये ‘वि’ लिही, तिसऱ्या रकान्यात तो कापून-जोडून तयार केलेला पत्ता चिकटव आणि सेव्ह कर. त्याच पानावर शॉर्टकट स्पेस दाबल्यावर चालावा की फक्त टॅबची कळ दाबल्यावर, हेही ठरवता येतं. ‘वि’ लिहून स्पेस दिलीस की बारच्या डाव्या टोकाला तू दिलेलं नाव उमटतं. ते उमटलं की समज, काम झालं.

फायरफॉक्समध्ये एवढी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. विकिपीडियाच्या शोधाच्या चौकटीत राइट क्लिक कर. जुन्या आवृत्त्यांत ‘या शोधाला कीवर्ड जोडा’ अशा अर्थाचा पर्याय येतो, नव्यांत ‘सर्च इंजिन जोडा’ अशा अर्थाचा. कीवर्ड म्हणजे आपला शॉर्टकटच, तिथे ‘वि’ दे. माउसचा तेवढाही संपर्क नको असेल तर दोन्हीकडे कंट्रोल आणि एल दाब, कर्सर थेट ॲड्रेस बारमध्ये जातो. हे एक जरी शिकलास तरी पत्र लिहिल्याचं सार्थक झालं.

शॉर्टकट ‘वि’च का, ‘डब्ल्यू’ का नाही? मीही आधी डब्ल्यूच ठेवला होता. मग रोज तीच कसरत: इंग्रजी कीबोर्ड, डब्ल्यू, स्पेस, कीबोर्ड बदल, मराठी शब्द, एंटर. आणि कीबोर्ड बदलायचा राहिला की इंग्रजी अक्षरांचं काहीतरी कडबोळं शोधलं जायचं. शोधायचा शब्द मराठी असेल तर त्याच्या आधीची खूणही मराठीच बरी. इंग्रजी विकिपीडियासाठी मी इंग्रजी अक्षर ठेवलंय. म्हणजे ज्या कीबोर्डवर बोटं आहेत त्या भाषेचा कोश, वेगळा विचारच करावा लागत नाही.

अक्षर निवडताना एक पथ्य पाळ. रोजच्या बोलण्यातला शब्द घेऊ नकोस. मी शब्दकोशासाठी, म्हणजे विक्शनरीसाठी, हौसेने ‘का’ ठेवला होता, सोपा म्हणून. मग एक दिवस घाईत लिहिलं, ‘का प्रिंटर अर्धंच पान छापतो’, आणि विक्शनरीने प्रामाणिकपणे कळवलं की ‘प्रिंटर अर्धंच पान छापतो’ असा शब्द तिच्याकडे नाही. आता तिथे ‘शब’ आहे. अशुभ आहे, पण वाक्याच्या सुरुवातीला येत नाही.

तुला इंग्रजीचीही खूण का लागेल, तर तू भाषांतराची कामं करतोस म्हणून. इंग्रजी विकिपीडिया २००१ चा आणि मराठी २००३ चा. वयात दोनच वर्षांचं अंतर, पण आकारात थोरला भाऊ कुठच्या कुठे गेलाय. आपल्याकडे पुष्कळ लेख दोन ओळींचे आहेत, हे मान्य. पण मी त्या दोन ओळींचाही उपयोग करतो. इंग्रजी लेख उघडायचा, भाषांच्या यादीतून मराठीवर जायचं आणि फक्त वरचं नाव बघायचं. ‘फोटोसिंथेसिस’वरून ‘प्रकाशसंश्लेषण’ असा शब्द हाताला लागतो. साधा शब्दकोश कधीकधी पाच पर्याय देऊन आपल्याला वाऱ्यावर सोडतो. इथे निदान लेखाच्या पहिल्या वाक्यावरून कळतं की दोन्हीकडे बोलणं एकाच गोष्टीबद्दल चाललंय. मराठी नाव कुणीतरी घाईत पाडलेलं असू शकतं, तेव्हा डोळे मिटून उचलू नकोस. तू तसा उचलणारा नाहीसच म्हणा.

अजून दोन बारक्या गोष्टी. कधी लेख नको असतो, एखादा शब्द कुठे कुठे आलाय ते हवं असतं. तेव्हा शब्दाच्या आधी ती नागमोडी रेघ टाक, टिल्ड म्हणतात ती. मग नाव जुळलं तरी विकिपीडिया लेखावर उडी न मारता यादी दाखवतो. आणि मराठी विकिपीडियाच्या शोधातच इंग्रजीतून ‘ईएन’, मग कोलन आणि पुढे विषय लिहिलास तर तो तुला इंग्रजीच्या दारात नेऊन सोडतो. मी हे फारसं वापरत नाही. कोलनपर्यंत बोट न्यायचा कंटाळा, दुसरं काय.

ही युक्ती विकिपीडियापुरतीच नाही. ज्या साइटवर शोधलेला शब्द पत्त्यात दिसतो, तिथे झेडची रांग टाकून बघायची आणि खूण बसवायची. मराठी विश्वकोशाच्या साइटवरही करून बघ. पण एकदम दहा-बारा शॉर्टकट करू नकोस. मी केले होते. त्यातले आठ कशाचे होते ते मलाच आठवेना, म्हणून पुसून टाकले. आता तीन आहेत आणि तीनही बोटांत बसलेत.

फोनचं म्हणशील तर अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये स्वतःचं सर्च इंजिन जोडता येतं, त्याच टक्का-एसच्या खुणेने. पण फोनवर मला इतक्या शंका येत नाहीत. तिथे मी नुसता अंगठा सरकवत बसतो.

कॉल करशील तेव्हा स्क्रीन शेअर कर. तू ‘वि’ लिहून स्पेस दिलीस आणि डावीकडे नाव उमटलं, हे मला बघायचंय. नाही उमटलं तर पत्ता मला पाठव, कुठे कापायचं राहिलं ते सांगतो.

तुझा,
शुक्राची पैज जिंकलेला

ता. क. ‘ॲ’ने सुरू होणारं काही शोधून सापडलं नाही तर स्वतःला दोष देऊ नकोस. हा ॲ संगणकात दोन प्रकारांनी लिहिला जातो: एक सबंध अक्षर म्हणून, आणि दुसरा साध्या ‘अ’वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. लेखाचं नाव एका प्रकाराने आणि तुझा कीबोर्ड दुसऱ्या प्रकाराने लिहीत असेल तर थेट उडी चुकते. तसं झालं तर आलेल्या यादीतून उचल, किंवा यादीतलं नाव कॉपी करून ‘वि’पुढे चिकटव. अर्धी संध्याकाळ मी यात घालवली होती आणि त्या वेळी मला वाटत होतं की माझं शुद्धलेखन बिघडलंय.