दोन चलने आणि एक वडीलधारे शेजारी: काकांना खुले आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

2023 च्या पावसाळ्यात माझ्या दुचाकीवर एकामागोमाग एक अशी दोन ई-चलने निघाली आणि मी वैतागून आपल्या दारात येऊन उभी राहिले, तो दिवस आपल्याला आठवत असेलच. न्यायालयाच्या कार्यालयात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या माणसाला पाचशे-पाचशे रुपयांच्या दंडासाठी त्रास द्यावा की नाही, या संकोचात मी दोन दिवस घालवले होते. त्या तासाभराच्या बोलण्याचे आभार तोंडी मानून झाले असले, तरी तेवढ्याने माझे समाधान होत नाही आणि अशी चलने हाती पडलेले इतरही अनेक जण असल्यामुळे हे पत्र खुले लिहीत आहे.

माझा बेत तेव्हा अगदी उलटा होता, हे आधी कबूल करते. पहिले चलन सिग्नलचे होते. चौकात पांढऱ्या रेषेच्या पुढे गाडी गेल्याचे त्यात म्हटले होते आणि मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवून मला पुढे ढकलले, या रागापोटी ते चलन शेवटपर्यंत लढवायचे मी ठरवले होते. दुसरे चलन ‘नो पार्किंग’चे होते. त्या रस्त्यावर मी कधी गाडी लावल्याचे मला आठवत नव्हते, पण पाचशे रुपयांसाठी शाळेतून रजा कोण काढणार, असे म्हणून ते मुकाट्याने भरून टाकण्याच्या विचारात मी होते. आपण दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि एवढेच विचारले, “फोटो पाहिलेत का?” मी पाहिले नव्हते. चलनावरची रक्कम वाचून थेट संतापाकडे जाणाऱ्यांपैकी मीही एक होते.

सिग्नलच्या छायाचित्रात दिवा स्पष्ट लाल होता, पुढचे चाक रेषेच्या बरेच पुढे होते आणि टेम्पो चित्रात कुठेच नव्हता. तरीही माझ्याकडे एक हुकमी एक्का होता. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना 15 दिवसांच्या आत पाठवली पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तेव्हाचा नियम 167अ सांगत होता आणि मला तर चलनाचा पत्ता लागला होता विसाव्या दिवशी. सूचना कधी पाठवली आणि मला कधी कळली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण शांतपणे दाखवून दिलेत. चलनावर तिसऱ्या दिवसाची तारीख होती आणि संदेश गेला होता वाहनाच्या नोंदीतील माझ्या जुन्या, कधीच बंद झालेल्या मोबाइल क्रमांकावर. क्रमांक बदलल्याची नोंद मीच केली नव्हती. त्या क्षणी मला थोडा रागही आला होता, कारण माझी बाजू घेणारे कोणी हवे होते आणि आपण कागदाची बाजू घेत होतात. ते पाचशे रुपये मी त्याच संध्याकाळी भरले आणि मोबाइल क्रमांकही बदलून घेतला.

खरा वेळ गेला तो दुसऱ्या चलनावर. छायाचित्रातली स्कूटर माझ्यासारखीच, रंगही तोच, आणि शेवटचे चार आकडेही तेच. आपण चित्र मोठे करून क्रमांकातील मधल्या अक्षरांवर बोट ठेवलेत. माझ्या गाडीच्या मालिकेत इंग्रजी ‘पी’ आहे. छायाचित्रातल्या पाटीवर तिथे ‘आर’ होता, मात्र त्याचा खालचा तिरका पाय चिखलाने झाकला गेल्यामुळे तो ‘पी’ वाचला गेला होता. ज्याने क्रमांक नोंदवला त्याला मी दोष देत नाही, कारण मोठे करून पाहिले नसते तर मलाही तो ‘पी’च वाटला असता.

तरीही भरून मोकळे व्हावे, हा माझा हट्ट सुटत नव्हता आणि त्यावर आपण दिलेले उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली रक्कम भरणे म्हणजे गुन्ह्याची तडजोड करणे, खटल्याविना तो मिटवणे. एकदा ती केली की, गाडी माझी नव्हती, हे सांगायला जागाच उरत नाही. शिवाय कलम 177 खाली पहिल्या गुन्ह्याला 500 रुपयांपर्यंत दंड असला, तरी पुढच्या गुन्ह्याला तो 1500 रुपयांपर्यंत जातो, म्हणजे दुसऱ्याची चूक माझ्या खात्यावर पार्किंगचा पहिला गुन्हा म्हणून जमा होणार होती. उलट, चलन चुकीचे असल्याची तक्रार केली आणि ती फेटाळली जाऊन प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे गेले असते, तरी पहिल्या गुन्ह्याची कमाल मर्यादा 500 रुपयेच असल्यामुळे दंड त्याहून वाढण्याची भीती नव्हती. जाणार होता तो फक्त वेळ. हा हिशेब मला एकटीला कधीच मांडता आला नसता.

शाळेतल्या सहकाऱ्यांनी लोकअदालतीपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला होता, तिथे रक्कम कमी होते म्हणून. त्यावर, लोकअदालत ही समेटाची जागा आहे आणि तिच्या निवाड्यावर अपीलही नसते, असे सांगून आपण म्हणालात, “खऱ्या चलनात सवलत मागावी. खोट्या चलनात सवलत घेतली, तर ती अर्धी कबुलीच झाली.”

तक्रारीचा मजकूर मी आधी दीड पान लिहिला होता आणि त्यात संपूर्ण वाहतूक व्यवस्थेचा समाचार घेतला होता. आपण तो पाच ओळींवर आणलात. चलन क्रमांक, तारीख, वेळ, दोन्ही पाट्यांमधील अक्षराचा फरक आणि चलन रद्द करण्याची विनंती, एवढेच त्यात उरले. सोबत नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि माझ्या गाडीच्या पाटीचे समोरून काढलेले छायाचित्र जोडले. त्या वेळी मी वर्गात होते, हे दाखवणारी हजेरीपटाची प्रत मी उत्साहाने आणली होती, पण गाडी दुसरा कोणीही चालवू शकतो, म्हणून ती आपण बाजूला ठेवायला लावलीत. काही आठवड्यांनी चलन रद्द झाल्याचा संदेश आला, आणि या वेळी तो योग्य क्रमांकावर आला.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनाही परवा वेगमर्यादेचे चलन आले आहे आणि त्या भांडायच्या तयारीत आहेत. त्यांना रविवारी सकाळी आपल्याकडे पाठवते आहे, मात्र येण्याआधी छायाचित्र मोठे करून पाहायला सांगितले आहे.

आपली नम्र,
शेजारच्या इमारतीतील शिक्षिका