विल्यम्स की डिमॅजिओ: वॉकचा रकाना कुठे गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीत टेड विल्यम्स आणि जो डिमॅजिओ या अमेरिकन बेसबॉलमधील दोन दिग्गजांची तुलना करणारा लेख वाचला. १९४१ साली अमेरिकन लीगच्या (तिथल्या दोन प्रमुख लीगपैकी एक) ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’चा किताब डिमॅजिओला मिळाला, तेव्हा त्या दोघांत मोठा फलंदाज तोच, असा निर्वाळा लेखकाने दिला आहे. डिमॅजिओच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही; परंतु किताब कोणाला मिळाला आणि फलंदाज म्हणून कोण मोठा, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि लेखात त्यांची गल्लत झाली आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

त्या वर्षीच्या मतदानात डिमॅजिओला २९१ आणि विल्यम्सला २५४ गुण पडले. मते क्रीडा पत्रकारांची होती आणि त्यांनी साहजिकच संघाच्या यशाला झुकते माप दिले. डिमॅजिओचा यँकीज संघ विजेता ठरला होता, तर विल्यम्सचा बोस्टन रेड सॉक्स संघ मागे पडला होता. शिवाय १५ मे ते १६ जुलै या काळात डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट (चेंडू टोलावून धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, म्हणजे पहिला बेस, तरी सुखरूप गाठणे) मारण्याचा जो पराक्रम केला, त्याने सारा देश भारून गेला होता. हा विक्रम आजतागायत कोणी मोडलेला नाही. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये ती मालिका खंडित झाली, तीही कशी, हे पाहण्यासारखे आहे: तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक केन केल्टनर रेषेलगत बराच मागे उभा होता आणि डिमॅजिओने दोनदा सणसणीत मारलेला चेंडू त्याने दोन्ही वेळा उलट्या हाताने अडवून पहिल्या बेसकडे फेकला. दुसऱ्याच दिवसापासून डिमॅजिओने पुन्हा सलग १६ सामन्यांत हिट मारल्या, हे सहसा कोणी सांगत नाही.

पण याच ५६ सामन्यांच्या काळात डिमॅजिओची सरासरी, म्हणजे हिट आणि ग्राह्य संधी यांचे गुणोत्तर, ०.४०८ होती आणि त्याच कालावधीत विल्यम्सची ०.४१२. एकाच्या आयुष्यातील सर्वांत तेजस्वी दोन महिन्यांत दुसरा त्याच्याहून किंचित पुढेच होता, आणि हंगाम संपला तेव्हा तो ०.४०६ वर होता, डिमॅजिओ ०.३५७ वर. लेखात ही तुलना कोठेही आलेली नाही.

आता मूळ मुद्दा. नऊ डावांच्या सामन्यात संघाच्या वाट्याला २७ आउट असतात. ते संपले की खेळ संपला. म्हणून फलंदाजाचे पहिले काम आउट न होता बेसवर पोहोचणे हे आहे, मग तो हिट मारून पोहोचो की पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे) चार वाईट चेंडू सोडून वॉक, म्हणजे आपसूक मिळणारा पहिला बेस, घेऊन. रूढ सरासरीत मात्र वॉक धरलाच जात नाही (क्रिकेटमधल्या सरासरीशी तिचा संबंध नाही), आणि सलग हिटच्या मालिकेतही वॉकने काही साधत नाही. विल्यम्सचे सर्वांत मोठे सामर्थ्य नेमके या दोन्ही मापांच्या बाहेर राहते. स्ट्राइक झोनच्या (ग्राह्य चेंडूच्या ठरलेल्या चौकटीच्या) बोटभर बाहेरच्या चेंडूलाही बॅट लावायची नाही, हा त्याचा दंडक होता. १९४१ मध्ये त्याने १४७ वॉक घेतले, डिमॅजिओने ७६. बेसवर पोहोचण्याचे त्याचे त्या वर्षीचे प्रमाण ०.५५३ होते, म्हणजे बॅट घेऊन उभा राहिल्यावर निम्म्याहून अधिक वेळा तो आउट झालाच नाही. डिमॅजिओचे प्रमाण ०.४४० होते. सलगतेचेच कौतुक असेल, तर १९४९ मध्ये विल्यम्स सलग ८४ सामन्यांत बेसवर पोहोचला, हेही वाचकांना सांगायला हवे होते.

विल्यम्सच्या ०.४०६ ची हकिगत लेखात एका वाक्यात उरकली आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. २८ सप्टेंबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कमध्ये दोन सामने व्हायचे होते आणि त्याची सरासरी ०.३९९५५ होती. नोंदवहीत ती ०.४०० अशीच लिहिली गेली असती. व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला बाहेर बसण्याची मुभा दिली. त्याने ती नाकारली आणि तो दोन्ही सामने खेळला. पहिल्या सामन्यात एका होमरनसह (सगळे बेस पार करून धाव मिळवून देणारा फटका) पाचपैकी चार हिट, दुसऱ्यात तीनपैकी दोन, आणि त्यांतील एक फटका तर मैदानाच्या टोकाला असलेल्या ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यावर जाऊन आदळला. तिसऱ्या बेसवरच्या धावपटूला होम बेसवर आणून धाव मिळवून देणारा उंच फटका झेलला गेला, तर ती संधी आजच्या नियमाने सरासरीत धरत नाहीत. त्या वर्षी ती धरली जात होती, म्हणजे आजच्या हिशेबाने आकडा आणखी वर गेला असता.

डिमॅजिओवर अन्याय होऊ नये, म्हणून दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. तो उजव्या हाताने खेळे, म्हणजे त्याचे जोरदार फटके बहुधा डावीकडे जात, आणि त्याच्या घरच्या यँकी स्टेडियमच्या डाव्या-मधल्या बाजूची हद्द ४५७ फुटांवर होती. त्याच्या ३६१ होमरनपैकी घरच्या मैदानावर अवघे १४८ आले, ते यामुळेच. दुसरे म्हणजे एवढे होमरन मारणारा हा खेळाडू साऱ्या कारकिर्दीत केवळ ३६९ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला, जे आजच्या फलंदाजांच्या दृष्टीने अविश्वसनीय आहे. क्षेत्ररक्षक म्हणून मध्यक्षेत्रातला त्याचा वावर तर अतुलनीयच. पण तो फलंदाजीच्या तुलनेत मोजता येत नाही.

त्याची नऊ विश्वविजेतेपदे मात्र मी या तराजूत घालणार नाही. विल्यम्स एकमेव वर्ल्ड सिरीज (विश्वविजेतेपद ठरवणारी हंगामाअखेरची मालिका) १९४६ मध्ये खेळला आणि तिथे २५ पैकी पाचच हिट मारू शकला, ही त्याची उणी बाजू निःसंशय आहे. पण डिमॅजिओचीही वर्ल्ड सिरीजमधील सरासरी ०.२७१ म्हणजे त्याच्या एकंदर ०.३२५ पेक्षा बरीच कमी आहे, तेव्हा ती विजेतेपदे प्रामुख्याने एका बलाढ्य संघाची होती, असेच म्हणावे लागेल.

युद्धाने दोघांचेही १९४३ ते १९४५ हे तीन हंगाम हिरावले. विल्यम्स पुढे कोरियातही लढाऊ वैमानिक म्हणून गेला, तिथे ३९ मोहिमांवर उडाला आणि १९५२-५३ चा बहुतेक काळ त्याने गमावला. त्या वर्षांत त्याने किती होमरन मारले असते याचे अंदाज बांधण्यात मला रस नाही. परतल्यावर काय झाले, एवढेच पुरेसे आहे: डिमॅजिओ टाचेच्या दुखण्याने १९५१ अखेर निवृत्त झाला, तेव्हा तो नुकताच ३७ वर्षांचा झाला होता, विल्यम्सने ज्या वर्षी ३९ पूर्ण केली, त्या १९५७ मध्ये त्याची सरासरी ०.३८८ होती.

‘०.४०० ओलांडणारा शेवटचा फलंदाज’ हे लेखातील बिरुदही जपून वापरावे. त्या काळी दोन्ही प्रमुख लीगची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती आणि आता निग्रो लीगच्या (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्वतंत्र लीगच्या) अधिकृत ठरलेल्या नोंदींनुसार जॉश गिब्सनची १९४३ ची सरासरी ०.४६६ आहे. विल्यम्सला याची जाण होती. १९६६ मध्ये कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये सन्मान स्वीकारताना त्याने गिब्सन आणि निग्रो लीगमधला पिचर सॅचेल पेज यांनाही तिथे स्थान मिळावे, अशी इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली होती.

लेखासोबतच्या तक्त्यात हिट, होमरन, सरासरी आणि विजेतेपदे आहेत. वॉकचा आणि बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणाचा रकाना नाही. कारकिर्दीत विल्यम्सचे वॉक २,०२१ आहेत आणि डिमॅजिओचे ७९०. बेसवर पोहोचण्याचे प्रमाण अनुक्रमे ०.४८२ आणि ०.३९८. यातला पहिला आकडा आजही सर्वकालीन यादीत अग्रस्थानी आहे. पुढील अंकात हे दोन रकाने जोडून तक्ता पुन्हा छापावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक